एका दंडाचं रक्त

लिफ्टमध्ये तिच्यापुढे उभ्या असलेल्या माणसानं नुकताच धुऊन आणलेला कोट खांद्यावर टाकला होता. कोटावरचं पातळ प्लास्टिक दर मजल्याला सळसळत होतं आणि गर्दीत तिला मागं सरकायला जागा नव्हती. तिसऱ्या मजल्याच्या आसपास तिला तो वास आला. गोडसर, किंचित पिकल्या फळासारखा, आणि त्या गोडाच्या खाली घशाला चाटून जाणारं काहीतरी थंड. वास ओळखीचा आहे हे आधी घशाला कळलं, मग तिला. क्षणभर तिला वाटलं, आपल्याच हातांना येतोय. तिनं तळवे नाकाशी नेले. हातांना फक्त साबणाचा वास होता. माणूस पाचव्या मजल्यावर उतरला, कोट त्याच्याबरोबर गेला, वास मात्र लिफ्टमध्ये राहिला, आणि लिफ्टचं दार बंद होताना तिच्या डोक्यात सरळ, कुणीतरी कानात सांगावं तसं आलं : हा सतरा आहे.

सतरा म्हणजे नमुना सतरा. प्रयोगशाळेत येणाऱ्या रसायनांना नावं नसत. कंपनी कोण, पदार्थ कशासाठी वापरतात, हे तपासणाऱ्याला कळू नये म्हणून बाटलीवर फक्त आकडा असे आणि तिला ते आवडत असे. नाव नसलं की मन स्वच्छ राहतं, असं ती नव्या मुलींना सांगायची. रसायनं ज्या काचेच्या कपाटात उघडत, त्याचा पंखा एकदा बिघडला होता, त्या दिवशी हा वास खोलीभर झाला होता आणि दुपारपर्यंत सगळ्यांची डोकी दुखत होती. पुढं पंखा दुरुस्त झाला, डोकेदुखी थांबली, सतराचं काम नीट पार पडलं. इतकं नीट, की गेला आठवडाभर ती त्या निकालावर मनातल्या मनात खूश होती. उंदराच्या पेशींवर सतरा घातला की गुणसूत्रांची दाणादाण उडत होती. माणसाच्या पेशींवर तेवढाच घातला तर जवळजवळ काही नाही. इतका स्वच्छ फरक वर्षानुवर्षांत हाती लागला नव्हता. अहवालाचं शेवटचं वाक्य तिनंच लिहिलं होतं : माणसाच्या पेशी या पदार्थाला उंदराच्या पेशींपेक्षा बऱ्याच कमी संवेदनशील आहेत. वाक्य लिहून तिनं एकदा मोठ्यानं वाचूनही पाहिलं होतं. आता सातव्या मजल्यावर लिफ्टमधून बाहेर पडताना तेच वाक्य तिच्या जिभेवर आलं आणि त्याला लिफ्टमधला वास येत होता.

दिवसभर तिचं कामात लक्ष नव्हतं. सूक्ष्मदर्शकाखाली उंदराची गुणसूत्रं पसरली होती, सगळी एकसारखी, केसांना लावायच्या पिनांची डबी जमिनीवर सांडावी तशी. माणसाची तशी नसतात. त्यांच्यात लांब, आखूड, मध्येच कंबर असलेली, टोकाला कंबर असलेली अशी असतात, माणसं ओळखावीत तशी ती ओळखू येतात. ती हे काम शिकली तेव्हा शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "तुटलेलं शोधायला जाऊ नकोस. आधी चांगलं कसं दिसतं ते इतकं बघ, की बिघडलेलं आपोआप खुपलं पाहिजे." तेव्हा तिला खुपायला वर्ष लागलं होतं. आता मात्र तिला काहीच दिसेना, कारण तिला सारखे दिसत होते ते दोन हात. कोपरापर्यंत बाह्या सारलेले, बोटांची टोकं कोरडी पडून पांढुरकी झालेली, एका हातात ओला बोळा, दुसऱ्यात कुणाच्या तरी शर्टाची कॉलर. वन्संचे हात.

वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्नाआधी ती पहिल्यांदा त्यांच्या घरी गेली तेव्हा तिच्या फिक्या पिवळ्या साडीवर वाटेतच पेन गळलं होतं आणि ती दारातच रडवेली उभी होती. वन्संनी तिला बसूही दिलं नव्हतं. "चल, आधी हे काढू, मग लाजायचं ते लाज," म्हणत हाताला धरून खालच्या दुकानात नेलं होतं. कपडे धुण्याचं, डाग काढण्याचं त्यांचं दुकान. मागच्या खोलीत स्टुलावर बसवून पदर नुसता हातावर ताणून धरत, औषध लावत, तोंडानं फुंकर घालत वन्सं डाग काढत होत्या आणि डाग हलत होता, फिकट होत होता, जात होता. त्या फुंकरीबरोबर आलेला वास तेव्हा वेगळा होता, रॉकेलच्या जातीचा. हा गोड वास नंतरचा. दोनतीन वर्षांपूर्वी वन्संनी कौतुकानं निळा डबा दाखवला होता. नवीन औषध आलंय, चहाचा डागसुद्धा राहत नाही. त्या दिवशी तिनं वास घेतला होता का? घेतला असणार. पण दुकानातला वास दुकानात ठेवायचा आणि प्रयोगशाळेतला प्रयोगशाळेत, अशी नाकाला शिस्त लागली होती. लिफ्ट ही दोन्हींच्या मधली जागा होती, म्हणून तिथं सापडला, असं तिला वाटलं आणि स्वतःचाच राग आला.

संध्याकाळी ती सरळ दुकानात गेली. वन्सं काउंटरमागं कपड्यांना चिठ्ठ्या टोचत होत्या.

"या मूषकबाई," वन्सं म्हणाल्या. लग्नाच्या पहिल्या वर्षी भावजय उंदरांवर काम करते हे कळल्यापासून त्यांनी हे नाव ठेवलं होतं. "आज कशी वाट वाकडी केली? काही डाग-बिग?"

"तो निळा डबा बघू जरा."

मागच्या खोलीत डबा उघडण्याची गरजच पडली नाही. दारातच वास उभा होता. डब्यावर नाव होतं, फुलाचं चित्र होतं, थंड जागी ठेवा असं लिहिलं होतं. ती वाचत राहिली आणि वन्सं तिच्या तोंडाकडं.

"काय झालं? मेलंबिलं का कुणी?"

"नाही हो. हे वापरताना हातमोजे घालता का तुम्ही?"

"मोजे घालून डाग समजतो का? बोटाला कळावं लागतं, कापड किती सोसेल ते."

तिला हे पटलं, आणि पटलं म्हणून जास्त चिडचिड झाली. तिचंही काम तसंच होतं. मग तिनं जमेल तेवढं सोपं करून सांगितलं. आमच्याकडं हेच औषध तपासायला आलंय, माझी जवळजवळ खात्री आहे. उंदराच्या पेशींना वाईट निघालं. माणसाच्या पेशींना नाही.

"मग झालं की," वन्सं म्हणाल्या. "मी कुठं उंदीर आहे? मी तर माणूस. निदान तुझा नवरा तसं समजतो."

आणि हसल्या. तिला हसणं जमलं नाही. कारण 'माणसाच्या पेशी' म्हणजे कुणाच्या, हे तिला ठाऊक होतं. त्या सगळ्या पहिलवानाच्या होत्या. पहिलवान म्हणजे प्रयोगशाळेच्या भांडाराचा माणूस, तिशीही न ओलांडलेला, विडी-काडी नाही, दारू नाही, सकाळी पळून आल्याशिवाय चहासुद्धा न घेणारा. रक्त हवं असलं की तो बाही सारून दंड पुढं करायचा आणि म्हणायचा, "घ्या मॅडम, अस्सल माल." त्याच्या शिरा दोरखंडासारख्या होत्या, सुई पहिल्या फटक्यात लागायची, पेशी छान वाढायच्या. म्हणून सगळे त्याचंच घ्यायचे. गेली कित्येक वर्षं त्या प्रयोगशाळेपुरता माणूस म्हणजे पहिलवान. ही गोष्ट इतकी रोजची होती की तिच्यात खटकण्यासारखं काही आहे हे कुणालाच, तिलाही, सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेच्या साहेबांकडं गेली. साहेब वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं. थकलेला, नीटनेटका, चष्म्याची काडी चावत ऐकणारा, आणि जे म्हणेल ते बहुतेक बरोबर असणारा.

"आणखी चार-पाच जणांचं रक्त घेऊन पेशी वाढवूया," ती म्हणाली. "वेगवेगळ्या वयाचे. बायका, पुरुष. एका दंडातलं रक्त म्हणजे अख्खी माणूसजात होत नाही."

"एका जातीच्या उंदराच्या पेशी म्हणजे सगळे उंदीर होतात का?" साहेब म्हणाले. "पद्धत जी आहे ती आहे. पद्धतीप्रमाणे आपण केलंय. आणि तुम्हाला ठाऊक आहे, त्या उंदराच्या पेशी वर्षानुवर्षं बाटलीत वाढलेल्या. त्यांच्यात दुरुस्तीची यंत्रणाच धड नाही. त्या कशानंही तुटतात. माणसाच्या पेशी मजबूत निघाल्या तर त्यात नवल काय?"

"मला पदार्थ ओळखू आलाय."

काडी तोंडातून बाहेर आली. "ते मी ऐकलं नाही."

"माझ्या नणंदेच्या दुकानात आहे तो. ती दिवसभर त्यात असते."

"ते तर मी अजिबात ऐकलं नाही. ओळखू आला असेल तर तुम्ही या कामावर राहणंच चुकीचं आहे. कळतंय ना?"

कळत होतं. तीच तर चीड होती. त्यांचं प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि सगळी खरी वाक्यं एकत्र केली की जे होत होतं ते खोटं होतं. ती जागेवर येऊन बसली आणि बराच वेळ एका काचपट्टीवरची एकच पेशी बघत राहिली. मग परत उठली. स्वतंत्र, अहवालाबाहेर, फक्त पाहण्यासाठी म्हणून एका व्यक्तीचं रक्त तपासायची परवानगी मागितली. साहेबांनी उसासा टाकला. "तुमच्या वेळेत करा," म्हणाले.

वन्सं रक्त द्यायला आल्या त्या चांगले कपडे घालून, जणू फोटो काढायचा आहे. पहिलवानानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांची शीर सापडेना. दोनदा टोचावं लागलं. "मी सांगत होते, मी कंजूष आहे," वन्सं पहिलवानाला म्हणाल्या. तो त्यांच्याकडं बघून इतका खुलून हसला की तिला त्या दोघांना एका चौकटीत बघवेना. घरी नवरा म्हणाला, "ताईला उगाच घाबरवू नकोस. तिचं सगळं आयुष्य ते दुकान आहे." ती म्हणाली, "मी घाबरवत नाहीये, मी मोजतेय." तो म्हणाला, "तुझं मोजणं भीतिदायकच असतं." तो गमतीत म्हणाला. ती आत जाऊन भांडी जरा जास्तच आवाज करत घासत बसली.

पेशी वाढल्या, थांबवल्या, काचपट्टीवर टाकल्या, जांभळ्या रंगवल्या. काही बाटल्यांत सतरा घातला होता, काहींत नाही. आपलं मन आपल्याला फसवेल म्हणून तिनं बाजूच्या टेबलावरच्या सहकारी मुलीकडून सगळ्या काचपट्ट्यांवरच्या खुणा झाकून घेतल्या आणि उंदराच्या, पहिलवानाच्या, वन्संच्या अशा मिसळून घेतल्या. उंदराच्या लगेच ओळखू यायच्या, त्याला इलाज नव्हता. पण माणसाच्या दोघांपैकी कोण कुणाचं, हे कळायला मार्ग नव्हता. एक बाई आणि एक पुरुष, म्हणजे फक्त पुरुषात असणारं एक छोटं गुणसूत्र शोधलं की कळलं असतं. ती मुद्दाम त्याच्याकडं बघत नव्हती. नवशिक्यासारखी एकेक पेशी घेत होती. तुटीचा नियम कडक होता. गुणसूत्रावर नुसती फट दिसली तर ती मोजायची नाही. तुकडा जागचा हलला, बाजूला गेला, तरच ती तूट. ओरखडा आणि जखम यांच्यातला फरक, असं त्या शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या. काही पट्ट्यांवर फटीच फटी होत्या. उभ्या भिंतीला बारीक चिरा जाव्यात तशा. तिला त्या मोजाव्याशा वाटत होत्या. हात दोनतीनदा मोजणीच्या बटणाकडं गेला. तिनं नाही मोजल्या. नियम तिनंच दहा मुलींना शिकवला होता. फटी सोडून, जे खरोखर तुटून बाजूला पडलं होतं तेवढंच मोजलं, आणि तरीही काही पट्ट्यांवर आकडा चढत गेला, चढतच गेला.

खुणा उघडल्या तेव्हा त्या पट्ट्या वन्संच्याच निघाल्या. सतरा घातलेल्या वन्संच्या पेशी पहिलवानाच्या शेजारी नव्हत्याच. त्या उंदराच्या शेजारी जाऊन बसल्या होत्या. आणि काहीही न घातलेल्या वन्संच्या पेशींतही, जिथं एखाद-दुसरी तूट असावी, तिथं त्याहून जास्त होत्या. तिनं आकडे परत बेरजेला घातले. तेच आले. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी वाढदिवसाचं काही वाटत होतं, कुणीतरी तिला हाक मारत होतं. ती उठली नाही. बरोबर ठरल्याचा आनंद तिला आयुष्यात अनेकदा झाला होता. तो आता झाला नाही, नुसती त्याची जागा रिकामी झाल्यासारखं वाटलं.

साहेबांनी आकडे दोनदा वाचले. काडी चावली नाही.

"वय?"

"पंचावन्नच्या पुढं."

"वर्षानुवर्षं कसल्या कसल्या औषधांत काम. म्हणजे त्या पेशी आधीच मार खाल्लेल्या. ही तुलना स्वच्छ नाही."

"पण हे वापरणारी माणसं तशीच असणार ना! पहिलवान कुठं डाग काढतो?"

"एका माणसावरून नाही सांगता येत, बाई."

"आपण एका माणसावरूनच सांगतोय!"

तिचा आवाज चढला होता. सहकारी मुलीनं काचेपलीकडून मान वर केली. साहेबांनी दार लोटलं आणि हळू म्हणाले, "अहवालात एक वाक्य घाला. मर्यादा म्हणून. ते मी जाऊ देईन."

तिनं वाक्य लिहिलं : माणसाच्या पेशी एकाच तरुण, निरोगी व्यक्तीच्या होत्या; दुसऱ्या एका व्यक्तीच्या पेशी उंदराच्या पेशींइतक्याच संवेदनशील आढळल्या; अधिक व्यक्तींची तपासणी होईपर्यंत निष्कर्ष काढू नये. परत आलं तेव्हा दुसरा भाग गेला होता. तिनं भांडून 'अधिक व्यक्तींची' एवढं टिकवलं. पुढच्या फेरीत 'निष्कर्ष काढू नये' गेलं, कारण मग खालचा निष्कर्ष कशाला आहे, असा साहेबांचा प्रश्न होता आणि तो बिनतोड होता. शेवटी उरलं : व्यक्तिव्यक्तींमध्ये फरक असू शकतो. ते वाक्य ती बघत राहिली. त्यात खोटं काही नव्हतं. ते कुणाबद्दलही, कशाबद्दलही खरं होतं. आणि त्याच्या बरोबर खाली तिनंच आधी मोठ्यानं वाचून पाहिलेलं वाक्य जसंच्या तसं उभं होतं.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली.

साहेब चिडले नाहीत. "ठीक आहे," म्हणाले, "पहिली मोजणी ज्या मुलीनं तपासली तिची सही चालेल." आणि खरंच चालली. अहवाल गेला. तिची सही नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नसावं. नकार दिला की काहीतरी कोसळतं, निदान दार तरी आपटतं, असं तिला कुठंतरी वाटत होतं. काहीच आपटलं नाही. तिला पुढचा नमुना मिळाला. तिनं तेवढं मात्र केलं की पहिलवानाला परत पाठवलं आणि माणसाचं रक्त चार जणांचं असल्याशिवाय मी काम सुरू करणार नाही असं लिहून दिलं. साहेबांनी ते तसंच ठेवून दिलं. पहिलवान दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. त्याला वाटलं, त्याच्या रक्तात काही निघालं.

वन्संना सांगायचं राहिलं होतं. रविवारी दुकान बंद असताना ती गेली. वन्सं मागच्या खोलीत एकट्याच काम करत होत्या, राहिलेले डाग रविवारी निवांत निघतात म्हणून. तिनं वाटेत वाक्यं जुळवली होती. समोर बसल्यावर तीही साहेबांच्या फेऱ्यांतून गेल्यासारखी आखूड होत गेली.

"निघालं का काही?" वन्संनीच विचारलं.

"तुमच्या पेशी त्या औषधानं जास्त तुटतात. त्या पहिलवानापेक्षा."

"म्हणजे मला काय होणार?"

"ते मला नाही सांगता येत. कदाचित काहीच नाही. खरंच. तुटलेलं पुष्कळदा शरीर दुरुस्त करतं, नाहीतर टाकून देतं. एका माणसाचं काय होईल हे यावरून कुणालाच सांगता येत नाही."

"एवढं शिकून?"

"एवढं शिकून."

वन्संनी हातातला बोळा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "उंदराला झालं. मला झालं. त्या पोराला नाही झालं. तिघांत दोघं. तुझ्या साहेबाला मोजता येत नाही का गं?"

ती हसायला गेली आणि रडू आलं. कित्येक आठवड्यांचं साचलेलं, घाणेरडं, नाक वाहणारं रडू. काय करायला हवं होतं ते तिला ठाऊक होतं आणि ते करूनही काही झालं नव्हतं, हे ती वन्संना समजावून सांगू लागली. सही, फटी, तीन ओळींची उरलेली ती एक ओळ, सगळं एकात एक. वन्संना त्यातलं निम्मंही कळलं नसेल. त्यांनी जवळचा कुणाचा तरी स्वच्छ धुतलेला रुमाल तिच्या हातात दिला. "पूस. परत धुवीन."

मग थोड्या वेळानं, निळ्या डब्याचं झाकण घट्ट लावत, जरा तोडूनच म्हणाल्या, "दुकान मी बंद करणार नाही. ते मला सांगू नकोस."

"नाही सांगत."

"जुनं औषध मागवते. डाग राहिला तर राहिला. गिऱ्हाईक बोलेल. बोलू दे. पण येईपर्यंत हेच आहे, आणि लग्नघरचे कपडे उद्या द्यायचेत."

तिनं खोलीभर नजर फिरवली. इतक्या वर्षांत ती इथं शंभरदा बसली असेल. भिंतीला वर एक खिडकी होती. तिच्यावर भिंतीचाच रंग चढला होता, चौकट कुठली आणि पल्ला कुठला कळत नव्हतं.

"ही कधी उघडता?"

"ती? ती उघडत नाही. रंगवाल्यानं चिकटवून ठेवली, त्याला झाली वर्षं. पलीकडं गल्लीतली धूळ येते, कपडे काळे पडतात."

ती उठली. स्टूल ओढलं, चढली. वन्संनी खालून "अगं, पडशील" म्हटलं आणि मग कापडं कापायची बोथट सुरी वर दिली. चौकटीच्या कडेनं तिनं सुरी फिरवायला सुरुवात केली. रंगाचे पापुद्रे केसांत, डोळ्यांत पडू लागले. खालचा रंग निघाला, त्याच्या खालचा निघाला. पल्ला हलेना. तिनं तळव्यानं ठोकलं, मुठीनं ठोकलं, शेवटी खांदा लावला. वन्संनी दुसरं स्टूल आणलं आणि धापा टाकत तिच्या शेजारी चढल्या. दोघींनी मिळून रेटलं. काहीतरी करकरलं आणि पल्ला बोटभर बाहेर गेला. गार वारा आला, त्याबरोबर गल्लीतली धूळ, कुणाच्या तरी रेडिओचा आवाज.

"बस? एवढीच?" वन्सं म्हणाल्या.

"एवढीच हललीय."

"मग थांबलीस कशाला? लाव परत खांदा."

तिनं लावला.